खाडीपलीकडचा गोठा

वाकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मटणाचं दुकान आहे. एका सकाळी आई, माझा नवरा आणि मी, असे तिघं आईचे डोळे तपासायला निघालो होतो. रिक्षा मिळत नव्हती. मी रस्त्याकडे तोंड करून हात दाखवत होते. मागे वळून बघते तर आई दुकानासमोर बांधलेल्या शेळीपाशी वाकून उभी. तिने शेळीचा खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात बघितले, डोळ्याची पापणी उलटी करून आतला रंग बघितला, मग पाठीच्या कण्यावरून हात फिरवला. सगळं अगदी सवयीने, आपण भाजी निवडतो तसं.

"चार दाती हाय," ती म्हणाली. "पोटात जंत झाल्यात. डोळं कसं पांढरं पडल्यात बगा."

'बगा' म्हणाली म्हणजे मला म्हणाली नव्हती. मला ती 'बग' म्हणते. माझा नवरा जरा दचकला आणि त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"बारा वर्सं शेळ्या राखल्यात मी."

आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं याहून लांब बोलणं झालेलं मला आठवत नाही. लग्न आमचं आम्ही ठरवलं होतं. त्याची माणसं कोकणातली, वडील गिरणीत. आम्ही धाराशिवकडचे, आमच्या घरी देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून नको ते बोललं गेलं. पुढे त्याच्या घरचे निवळले, माझे वडीलही निवळले, पण आई निवळली नाही. भांडलीही नाही. 'जावईबापू, चहा घ्या', 'जावईबापू, बसा', एवढंच. तो यायचा, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, चहा घ्यायचा. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, तरी तेच चालू राहिलं. माझ्याच घरात दोन पाहुणे राहत असल्यासारखं मला वाटायचं.

नवरा लिफ्ट मेकॅनिक. बावीस वर्षं इमारतींच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये काढली. मग उजवा खांदा निकामी झाला आणि कंपनीने त्याला तक्रारींचे फोन घ्यायला टेबलावर बसवलं. चार महिन्यांत त्याने ते काम सोडलं. त्या दिवसांत तो घरीच असायचा आणि घरातल्या प्रत्येक बिजागरीला तीन-तीनदा तेल घालून झालं होतं.

शेळीच्या त्या सकाळनंतर त्याने एक नवीन गोष्ट सुरू केली. रोज जेवताना आईला एक प्रश्न विचारायचा. फक्त एकच. "शेळी दिवसाला पाणी किती पिते हो?" किंवा, "करडाला दूध किती दिवस पाजायचं?" आई उत्तर भिंतीकडे बघून द्यायची. पण उत्तरं हळूहळू लांबत गेली. पाण्याच्या उत्तरात एक ओढा आला. ओढ्याच्या काठावर एक बाभूळ आली, बाभळीच्या शेंगा आल्या, त्या शेंगांसाठी मागच्या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या काळ्याभोर शेळ्या आल्या. मी भात कालवायची थांबून ऐकत राहायचे. आमच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक अख्खा माळ येऊन पसरायचा. आई सहा वर्षांची असायची आणि शेळ्यांच्या मागे चालत चालत ट्यूबलाइटच्या पलीकडे कुठेतरी निघून जायची.

माझं काम लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं. मालाडच्या एका लॅबची मी माणूस. मालाडमध्येच एक म्हाताऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती बाई होत्या, लेकीकडे राहायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही म्हणायचे. महिन्यातून एकदा त्यांचं रक्त घ्यायला मी जायचे. सुई टोचताना त्या डोळे मिटून खाडीपलीकडच्या मनोरीतल्या आपल्या घराबद्दल बोलायच्या, म्हणजे दुखत नाही म्हणायच्या. घर बंद पडलंय, मागची वाडी रानासारखी झालीय, नारळ खाली पडून तिथेच फुटतात. एकदा मी सहज म्हणाले, माझ्या आईला शेळ्या पाळायच्यात. आईने असं काही म्हटलं नव्हतं. का बोलले कोणास ठाऊक. आंटींनी डोळे उघडले.

"मग ठेव ना तिथे," त्या म्हणाल्या. "घर तरी उघडं राहील. संध्याकाळी दिवा लागेल. मला नारळ आणून दे, बस."

घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जागा बगून तरी येऊ."

मनोरीला जायला मार्व्याच्या जेट्टीवरून बोट आहे, दहा मिनिटांची. त्या दिवशी भरती होती, पाणी अगदी काठोकाठ आणि तेलासारखं संथ. बोट निघाली तशी मागच्या इमारती धुरकट होत गेल्या, आणि पुढे तिवरांची हिरवी रेघ जवळ आली. मुंबईत चाळीस वर्षांपेक्षा जास्त राहूनही आई बोटीत कधी बसली नव्हती. तिने माझा हात घट्ट धरला होता. पण तिचा चेहरा मात्र शांत होता, झोपेतल्या माणसाचा असतो तसा.

वाडीचं फाटक उघडायला नवऱ्याला खांद्याने जोर लावावा लागला, अर्थात डाव्या. आत कमरेएवढं गवत, मध्येच आठ-दहा माड, एक फणस, दोन जांभळी, आणि मागच्या कुंपणाला सुबाभळीची आपोआप वाढलेली रांग. समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा आवाज होता, खूप लांबून कोणीतरी चादर झटकत असल्यासारखा. आईने पायातल्या चपला काढल्या. गवतातून ती एकटीच पुढे गेली. एकेका झाडाचा पाला तोडायची, चुरगाळायची, वास घ्यायची. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. ती परत आली तेव्हा तिच्या पदराला कुसळं चिकटली होती.

"खाण्याची सोय हाय," ती म्हणाली. आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघून, "पर जमीन वली हाय. शेळीला वलावा चालत न्हाय. गोठा उंचावर पायजे."

"बांधतो," तो म्हणाला.

त्याने जो गोठा बांधला, तसा गोठा मुंबईत दुसरा नसेल. जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच माच, खाली लाकडी खांब, वर लाकडी पट्ट्यांची फळी, पट्ट्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि जागा कोरडी राहते. हे तो मोबाइलवर बघून शिकला. पण मनाने तो लिफ्टच बांधत होता. प्रत्येक खांबाला ओळंबा लावायचा, प्रत्येक पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवायचा आणि तो हिरवा बुडबुडा मध्यभागी आल्याशिवाय खिळा मारायचा नाही. आई ओसरीवर बसून बघायची. तीन आठवड्यांनी काम झालं तेव्हा त्याने तिला बघायला बोलावलं. तिने हाताने माच दाबून बघितला.

"झकास झालंय," ती म्हणाली. हा शब्द ती वाकोल्यात शिकली होती. "पर मुतल्यावर पानी पट्टीवरच साचणार की, जावईबापू. उतार पायजे की."

नवरा त्या गुळगुळीत, सरळसोट फळीकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. "वाट लागली," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे खिळे उपटायला बसला.

शेळ्या मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. उस्मानाबादी, काळ्या, लांब कानांच्या, आईच्या माळावर होत्या तशाच. तीन शेळ्या, त्यातल्या दोन गाभण. भाजीच्या टेम्पोतून आल्या आणि टेम्पोवाल्याने आम्हाला मार्व्याला सोडलं, त्याला परत मालाडला जायचं होतं, मनोरीच्या रस्त्याचा लांब वळसा घ्यायला वेळ नव्हता. त्यामुळे त्यांना बोटीतूनच न्यावं लागलं. सकाळची वेळ होती, दिवाळीनंतरची. खाडीवर धुकं इतकं की पलीकडचा काठ नव्हताच. बोटवाला आधी नाही म्हणाला, मग आईकडे बघून "चला मावशी, लवकर" म्हणाला. कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन परत निघाल्या होत्या, त्यांनी जागा करून दिली. बोटीच्या इंजिनाने आवाज केला तशा तिन्ही शेळ्या बिथरल्या, दाव्यांना हिसके द्यायला लागल्या. नवरा दोन दावी हाताला गुंडाळून डोळे मिटून उभा.

तेव्हा आईने घशातून एक आवाज काढला. जिभेने टाळूवर केलेली एक लांब थरथर, मध्ये उचकी, पुन्हा थरथर. असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ज्या बाईने मला वाढवलं तिच्याजवळ हा आवाज इतकी वर्षं होता आणि तो वापरायची तिला कधी गरजच पडली नव्हती. शेळ्यांनी कान वळवले. एकीने आईच्या निऱ्यांना नाक लावलं. आणि आम्ही सगळे, कोळणी, पाट्या, एक स्कूटर, तीन शेळ्या, त्या पांढऱ्या धुक्यातून तरंगत पलीकडे गेलो.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळलेले आहेत. आई आणि नवरा मनोरीला राहायचे. मी आठवडाभर नोकरी करायचे आणि शनिवारी दुपारच्या बोटीने जायचे. फाटकातून आत शिरलं की शहर कानांतून गळून पडायचं. पाला चावल्याचा कुरकुर आवाज, माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासायच्या, ऊन हळूहळू माचावरून सरकायचं. शेळ्या डोळे अर्धे मिटून रवंथ करायच्या आणि त्यांच्याकडे बघता बघता मलाही गुंगी यायची. आई ओसरीवर, नवरा पायरीवर. बोलणं मोजकंच, पण मला वाटायचं की आपण कितीतरी वेळ गप्पा मारतोय.

त्या गुंगीतच माझ्या हातून चूक झाली.

एका शनिवारी आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याने उरलेल्या पावांची मोठी पिशवी दिली. शेळ्यांना घेऊन जा म्हणाला. मीही आनंदाने नेली. आई पाल्याला गेली होती, नवरा विहिरीवर पंप दुरुस्त करत होता. मी पाव चुरून टोपल्यात घातले. सर्वांत धीट शेळी, जिचा एक कान चिरलेला होता, तिने बाकीच्यांना ढुशा देऊन लांब केलं आणि जवळजवळ सगळे एकटीने खाल्ले. ती माझ्या हातातून खात होती. तिचे ओठ इतके मऊ होते. मी तिच्याशी बोलत होते.

रविवारी सकाळी ती उठली नाही. पोट ढोलासारखं झालेलं, दात खात होती. आईने एकदा टोपलं बघितलं, एकदा मला बघितलं. तेल पाजलं, सोडा पाजला, पोट चोळलं. मार्व्याकडून जनावरांचे डॉक्टर आले तोवर दुपार झाली होती. पाव पोटात आंबून त्याचं विष तयार होतं, त्यांनी सांगितलं. ऊन उतरता उतरता ती गेली. ती गाभण होती.

नवऱ्याने फणसापलीकडे खड्डा खणला, एका हाताने, मला हात लावू दिला नाही. मी आईला म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं."

"मला तरी कुठं म्हाईत होतं," आई म्हणाली. "आमच्याकडं पाव नव्हता." मग टोपलं उपडं करून ठेवत, "भूक लागलीय म्हणून खात न्हाय ती. गोड लागतंय म्हणून खाती. आपल्याला थांबवावं लागतं."

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी नवऱ्याचा फोन आला. "ये ना यार," म्हणाला. "आई विचारतात रोज." तो तिला 'आई' म्हणाला हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं तो 'तुझी आई' म्हणायचा.

दुसरी गाभण शेळी फेब्रुवारीत व्यायली. रविवार होता. दुपारपासून ती कळा देत होती, पाण्याची पिशवी फुटून गेली, एक पाय बाहेर आला आणि तिथेच सगळं थांबलं. वारा पडला होता. आई गुडघ्यांवर बसली, तिने हात घालायचा प्रयत्न केला, पण संधिवाताने तिची बोटं जुळत नव्हती. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मी रोज पंधरा-वीस माणसांच्या शिरा शोधते. पण पाव खाऊन गेलेली शेळी आठवून मी हात पाठीमागे नेले आणि ते तिने पाहिलं. मग तिने त्याच्या हातांकडे बघितलं. त्याचे हात अरुंद आहेत, लांब बोटांचे.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. हा माणूस रक्ताच्या थेंबाला घाबरतो. मी घरी सुया मोजत असले तरी तोंड फिरवतो.

मी बॅगेतला हातमोजा काढून त्याला चढवला. खोबरेल तेल लावलं.

"डोळं मीट," आई म्हणाली. "डोळ्यानं न्हाय बगायचं. हातानं बग. घाल हात. अरं घाल की लेकरा!"

त्याने डोळे मिटले आणि हात आत सरकवला. त्याच्या कपाळावर घाम होता. "काय लागतंय?" आईने विचारलं. "पाय... दुसरा पाय. डोकं नाहीये." "हाय. मागं वळलंय. मानेवरनं जा. हळू. कळ आली की थांब, गेली की सरक." शेळी ओरडली. तो थांबला. मग त्याचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखत होते. वाकोल्याला आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली होती तेव्हा, अंधारात फटीत हात घालून काहीतरी चाचपडताना तो असाच दिसला होता. "नाक," तो कुजबुजला. "नाक सापडलं. दात पण आहेत याला!"

"जबड्याला बोट लाव. वळव. हां. आता तिच्या कळंबरोबर वढ. तुझ्या जोरानं न्हाय, तिच्या."

करडू बाहेर आलं ते ओल्या फडक्यासारखं. हलत नव्हतं. आईने त्याचं नाक पुसलं, मागचे पाय धरून त्याला उलटं झुलवलं, गवताची काडी नाकात घातली. करडू शिंकलं. इतकीशी शिंक. दहा मिनिटांनी दुसरं आपलं आपण आलं, जणू त्याला काही त्रासच माहीत नव्हता. शेळी दोघांना चाटायला लागली. नवरा तसाच बसून राहिला, हातमोजा चढवलेला हात समोर धरून. आईने ओल्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांना सगळं लागलं, आणि त्याने ते दोन दिवस धुतलं नाही असं आई अजून सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. त्याने संध्याकाळी आंघोळ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा म्हणाली, "जावईबापू, चहा घ्या." तोही 'हो' म्हणाला. पण चहा त्यांनी एकाच पायरीवर बसून घेतला.

हे सगळं स्वप्नासारखं सांगितलं तरी त्यात विकणंही होतं. वर्षभराने त्या दोन करडांतला बोकड मोठा झाला. गोराईचा एक ओळखीचा माणूस बकरी ईदच्या आधी न्यायला आला. नवऱ्याला त्या सकाळी अचानक पंपाचं काम निघालं. मी ओसरीवर उभी होते. आईने बोकडाला शेवटचा पाला चारला, कानामागे खाजवलं आणि दावं स्वतः त्या माणसाच्या हातात दिलं. तो फाटकाबाहेर गेला. मी रडायला लागले.

"मी पण रडायची," आई म्हणाली. "सात-आठ वर्सांची असताना. एकदा तर टेम्पोमागं पळाले. मग माझी आय म्हणली, तू त्याला उपाशी ठेवलंस का? मारलंस का? न्हाय ना. मग झालं." तिने खाली पडलेला उरलेला पाला गोळा केला. "तरी वाईट वाटतंच."

आता आमच्याकडे अकरा शेळ्या आहेत. थोडं दूध मनोरीतच संपतं, एका कोळणीच्या नातवाला गाईचं चालत नाही म्हणून ती रोज येते. लेंडीखत आजूबाजूच्या वाड्यांत जातं. आंटी गेल्या हिवाळ्यात येऊन गेल्या. लेकीने चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं. त्यांनी माचावर हात टेकवला, करडं बघितली, आणि आईशी त्यांच्या मराठीत आणि आईने आपल्या मराठीत दोन तास गप्पा मारल्या. कोणाला किती कळलं, माहीत नाही.

परवाच्या सोमवारी मी पहाटेच्या बोटीने परत निघायचं ठरवलं होतं. उठले तर बाहेर धुकं. आई पुढे, तिच्या मागे शेळ्या, सगळ्यात मागे नवरा, खांद्यावर एक नुकतंच जन्मलेलं करडू टाकून, डाव्या. ते मागच्या कुंपणातून खाडीकाठच्या खाजणातल्या गवतात चालले होते. आधी आई धुक्यात गेली, मग काळ्या पाठी एकेक करून, मग तो. बोलण्याचा आवाज येत राहिला. तो काहीतरी विचारत होता, ती उत्तर देत होती, आणि आता ते उत्तर संपायचं नाव घेत नव्हतं. मी लॅबमध्ये फोन करून सांगितलं की आज येत नाही. मग पायात चपला न घालताच कोयता घेऊन सुबाभळीखाली गेले आणि शेळ्या परत आल्यावर त्यांना पुरेल एवढा पाला तोडायला लागले.